बाहेरचं एक अक्षर नको

सोमवार, ता. ३

पोचले. प्रवास चांगला झाला. खिडकीजवळची जागा मिळाली आणि शेजारचा गृहस्थ वाटभर झोपून राहिला. प्रवासाकडून याहून जास्त मी काही मागत नाही.

शीतगृहाची इमारत वस्तीपासून जरा लांब, हमरस्त्याच्या कडेला एकटीच उभी आहे. बाहेरून पांढरा ठोकळा. आत शिरलं की एकामागून एक जाड सरकती दारं. तळाशी माल चढवा-उतरवायचा धक्का आणि गोठवलेल्या मालाच्या खोल्या, त्यावर औषधांच्या खोल्या, आणि सगळ्यात वर कचेरी, कँटीन, यंत्राची खोली आणि पाहुण्यांची खोली. ही शेवटची आता माझी. स्वच्छ आहे. पलंग, टेबल, रस्त्याकडची खिडकी. टेबलाच्या कडेला कुणीतरी किल्लीने बदाम कोरून आत दोन अक्षरं खरवडली आहेत. असल्या नासधुशीचा मला राग येतो, पण आज मन प्रसन्न आहे, त्यामुळे त्या दोघांना माफ केलं.

मालक माझ्या मुलीच्या वयाचे. या वयात एवढं काम झेपेल ना, असं फार गोड आवाजात विचारलं. मी सांगितलं, तुम्ही पाटी पुसत होता तेव्हा मी याच जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. तो प्रोसेसर ओळखणारं दुसरं कुणी सापडलं असतं तर तुम्ही मला बोलावलंच नसतं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

काम असं. इथलं प्रत्येक दार आणि प्रत्येक खोलीचं थंडावणं एका जुन्या छोट्या प्रोसेसरवर चालतं. गेल्या वर्षी मालकांनी बाजारातली तयार ऑपरेटिंग सिस्टिम घेतली. एके दिवशी इंटरनेटवरून तिच्यात कसलीशी सुधारणा येऊन पडली आणि ऐन उकाड्यात सगळी दारं सताड उघडी राहिली. माल नासला, वास महिनाभर गेला नाही. आता त्यांना सबंध सिस्टिम मुळापासून हवी आहे: सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, घ्यायचा, वाचायचा, इथेच बांधायचा. बाहेरचं एक अक्षर नको, असं टेबलावर बोट आपटून म्हणाले. मला हा माणूस आवडला. मीही चिरलेली भाजी विकत आणत नाही.

बाकी दोघांशी ओळख झाली. वायरमन उंच, कानावर टेस्टर खोचलेला, त्याला सगळे ठिणगी म्हणतात. त्याचं मत असं, की इथल्या दारांना दोनच भाषा कळतात, एक यंत्राची आणि दुसरी लाथेची. कँटीनमधल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. हातावर तेल उडून भाजल्याचा मोठा डाग. जेवण वाढता वाढता त्यांनी सुनेची सगळी कुंडली मला ऐकवली: उशिरा उठते, फोनवर हसते आणि भाताचं पाणी ओतून देते. उद्या राहिलेलं सांगेन म्हणाल्या.

बुधवार, ता. ५

मुलीला फोन केला. भिंती इतक्या जाड आहेत की मोबाइल आत मरून पडतो. टेबलावरचा फोन यंत्रातून जातो, तो चालतो. तिला नववा लागलाय. वीस तारखेला मी तिच्याकडे पोचायचं ठरलंय, ते तिने पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. उशीर केलास तर बाळाला सांगीन, म्हणाली, तुझी आजी म्हणजे पासवर्ड आहे, हवी असते तेव्हाच सापडत नाही. मागून जावई हसत होते. मी दोघांनाही दटावलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसले.

टोपी विणायला घेतली आहे. लिंबाच्या रंगाची लोकर. मुलीचं म्हणणं, बाजारात मिळते. मिळते. तरी मी विणणार.

कामाबद्दल लिहून ठेवते. दारांचं यंत्र इतकं दुबळं आहे की त्याच्यावरच बांधकाम केलं तर बाळ कॉलेजात जाईल. म्हणून बांधायचं एका ताकदवान यंत्रावर, पण दुसऱ्या यंत्रासाठी. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. यातला धोका एकच: बांधणाऱ्या यंत्रातल्या वस्तू नकळत नव्या सिस्टिममध्ये शिरतात. आज सगळं चालतं, आणि उद्या नवी सिस्टिम तिच्या जागी नेली की ती शोधू लागते ती वस्तू, जी मागच्या घरी राहिली आहे. म्हणून एक रिकामा फोल्डर घ्यायचा. त्यात आधी तात्पुरती हत्यारं बांधायची. मग त्या फोल्डरात शिरून मागचं दार लावून घ्यायचं. आत शिरलेल्याला तो फोल्डर म्हणजेच अख्खं जग. बाहेर काही आहे याचा त्याला पत्ताच नसतो. तिथे बसून खरी सिस्टिम बांधायची, आणि ती आपल्या पायावर उभी राहिली की तात्पुरती हत्यारं पुसून टाकायची.

एक गोष्ट पटली नाही. बांधकामाला वेगळं यंत्र हवं, असं मी आधीच कळवलं होतं. ते आलेलंच नाही. ताकदवान यंत्र इथे एकच, आणि सध्या दारं, थंडावा, फोन, माणसांची ये-जा, सगळं तेच सांभाळतं. नवं यंत्र यायला पंधरवडा लागेल म्हणाले. पंधरवड्याने मी मुलीकडे असेन. तेव्हा याच यंत्रावर, एका बंद फोल्डरात, काळजीपूर्वक. काळजी मला नवी नाही.

शनिवार, ता. ८

कंपायलर, म्हणजे मूळ मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारं हत्यार, बांधून झाला. मग त्या कंपायलरने पुन्हा स्वतःलाच बांधलं, आता कुणाच्या मदतीविना. हे पाहताना मला अजून गंमत वाटते.

एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली आहे, तिचं नाव ठेवलंय चाळणी. नव्या सिस्टिममधली कुठलीही वस्तू एका जागेहून दुसरीकडे जाताना ही चाळणी तिचं अक्षर न् अक्षर तपासते. बाहेरच्या जगाचा उल्लेख सापडला, एखादा पत्ता, एखादं नाव, की ती वस्तू टाकून द्यायची आणि सोर्समधून कोरी बांधायची. कुणाला विचारायचं नाही. दयामाया नाही. ठिणगीने पडद्यावरच्या पळत्या ओळी पाहून विचारलं, की मॅडम, ही बया काय शोधते? मी म्हटलं, बाहेरचा मागमूस. तो म्हणाला, मग मावशींना हिच्यात घाला, सुनेचा विषय तरी संपेल. मावशींनी त्याला लाटणं दाखवलं.

टोपीचा काठ झाला. बाळाचं डोकं साधारण माझ्या दोन मुठींएवढं धरलंय. वीस तारखेच्या आत नक्की संपेल. सिस्टिमही आणि टोपीही.

मंगळवार, ता. ११

झालेली चूक लिहून काढते. चूक माझी आहे.

बांधलेली वस्तू कुठे ठेवायची, त्या फोल्डराचं नाव एका शब्दात साठवून ठेवायचं असतं. पडद्यावर नवी खिडकी उघडली की तो शब्द पुन्हा भरावा लागतो. नाही भरला तर यंत्र त्या रिकाम्या जागेचा अर्थ घेतं: सगळीकडे. नवशिक्यांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

दुपारी मुलीचा फोन आला. पाय सुजलेत, डॉक्टरांनी लवकरही होऊ शकेल असं सांगितलंय, तू जरा आधी येतेस का, असं विचारत होती. आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता. मी हो म्हटलं, शुक्रवारी निघते म्हटलं, आणि मग घाईघाईत नवी खिडकी उघडून बांधकाम पुढे सुरू केलं. शब्द भरायचा राहिला.

चहा घेऊन परत आले तेव्हा पडद्यावर माझी नवी सिस्टिम बंद फोल्डरात न जाता यंत्रावरच बसत होती. जुनं काढून, त्याच्या जागी. सबंध इमारतीवर. मी थांबवायची आज्ञा दिली. थांबवायच्या आज्ञेच्या जागीही तोवर नवी वस्तू बसली होती आणि ती फक्त आतल्या गोष्टी ओळखते. मागोमाग चाळणी आपणहून चालू झाली.

लगेच मालकांना कळवायला फोन उचलला. असा कुठलाही क्रमांक नाही, असं उत्तर आलं. मुलीचा लावला. तेच.

ठिणगीला खाली उतरून, बाहेर मालकांकडे निरोप न्यायला सांगितलं. त्याने मला धीर दिला: दारं चालताहेत, थंडावा चालतोय, मग मॅडम, बिघडलं काय? थोड्या वेळाने तो परत वर आला. धक्क्यावरचं बाहेरचं दार उघडलं, म्हणाला, पण पलीकडे रस्ता नाही, पुन्हा हाच धक्का आहे.

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा करतानाचा त्याचा चेहरा मला ठाऊक आहे. तो हा नव्हता.

बुधवार, ता. १२

स्वतः खाली गेले. बाहेरच्या दाराशी उभी राहिले, बटण दाबलं. दार नेहमीसारखं खडखडत सरकलं. पलीकडे धक्का. तेच ढकलगाडे, तीच भिंतीवरची, जमीन निसरडी असल्याची सूचना. मी पाऊल टाकलं आणि मागे वळले, तर मागेही धक्का. दोन्हीकडे मी आत.

ठिणगीने दाराला लाथ मारली. दाराने काही मनावर घेतलं नाही.

खिडकीतून रस्ता दिसत नाही. अंधार नाही, धुकं नाही. पांढरं आहे. काच पुसली. काच स्वच्छ आहे.

माल घ्यायला कुणी आलं नाही. मालक आले नाहीत. आम्ही तिघंच. मावशींनी घरची काळजी केली, सून एकटी आहे, गॅस बंद करायला विसरते, म्हणत डोळे पुसले. तिच्याबद्दल त्या चांगलं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मी शुक्रवारपर्यंत मार्ग काढते असं सांगितलं. मोठ्या आवाजात सांगितलं, म्हणजे मलाही ऐकू जावं.

संध्याकाळी टेबलाशी बसले. कडेवरचा बदाम नाही. लाकूड गुळगुळीत आहे, नुकतंच रंधा मारल्यासारखं. टेबल तेच आहे, कोपऱ्यातली गाठ तीच आहे.

टेबल चाळणीतून गेलंय, असं मनात आलं. मी ते वाक्य लिहून पुन्हा वाचलं आणि मला ते मूर्खपणाचं वाटलं नाही.

गुरुवार, ता. १३

सकाळी मावशी गोठवलेल्या मालाच्या खोलीतून मटार आणायला गेल्या. जाताना सुनेचंच बोलत होत्या. परत आल्या त्या हसऱ्या, सरळ पाठीच्या. पातेलं उचलताना बाही वर गेली. हातावर डाग नाही. कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी.

मी विचारलं, डाग कुठे गेला? त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, कसला डाग? मी सुनेचं नाव काढलं. त्यांनी फार आदबीने ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ताई, सून म्हणजे? मी सुरुवातीपासून इथेच आहे.

स्वयंपाक मात्र तोच, त्याच चवीचा. काम जमतंय. चाळणीने तेवढंच ठेवलंय.

माझ्या स्क्रिप्टमध्ये मी लिहिलंय: जागेहून दुसरीकडे जाताना. इथे जागेहून दुसरीकडे जायची वाट म्हणजे दारं. आणि दारांच्या यंत्रात आम्ही तिघंही नोंदलेले आहोत. यंत्राच्या लेखी आम्हीही वस्तूच.

सगळ्याच दारांवर ती अजून पोचलेली नसावी. खालपासून वर येते आहे. काल मी धक्क्याच्या दारातून आरपार गेले होते. लक्षात येताच बसून स्वतःला तपासलं. मुलगी आठवते, तिचा आवाज, सुजलेले पाय. जावयांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेले. चष्मा आला. चष्म्यामागे काही नाही.

ठिणगीला जाऊन ताकीद दिली, दारांतून जायचं नाही, एकाही. त्याने मान डोलावली.

शुक्रवार, ता. १४

आज निघणार होते.

ठिणगीने ऐकलं नाही. मुख्य वीज तोडतो म्हणाला, यंत्रच बंद पाडतो, मग बघू कुठली बया उरते. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, आईला करावं तसं, आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या मुलीकडे जायचंय ना? माझं नावच पडलंय ठिणगी, एकदा पेटू द्या.

बऱ्याच वेळाने परत आला. वीज होतीच. कानावर टेस्टर नीट खोचलेला, टेस्टर नवा कोरा. सगळं व्यवस्थित आहे, असं त्याने कळवलं. मी विचारलं, तुला ठिणगी का म्हणतात? त्याला माहीत नव्हतं. विनोद केला नाही. दाराची जीभ सैल झालीय ती घट्ट करतो, म्हणून कामाला लागला. माझ्या दाराची.

त्याच्यावर ओरडले. तो थांबला, ओरडणं संपेपर्यंत उभा राहिला, आणि पुन्हा पेचकस फिरवू लागला.

शनिवार, ता. १५

खोलीतून बाहेर पडत नाही. मावशी ताट उंबऱ्यापाशी ठेवून जातात. मी हात बाहेर न काढता काठीने ओढून घेते. हसू येण्यासारखं दृश्य असेल. हसायला इथे कुणी उरलं नाही.

वीज कुठून येते? बाहेरून यायला हवी. मग येऊ नये. येते आहे.

यंत्राला जोडलेला एक जादा पडदा माझ्या टेबलावर आहे, नुसता बघायचा, त्यावरून आज्ञा देता येत नाही. ओळी सावकाश सरकतात. काय काय शुद्ध झालं ते दिसतं. खालच्या खोल्या. पायऱ्या. कँटीन. मग उरलेल्यांची यादी: खिडकीचा पडदा, माझी बॅग, मी.

माझ्या नावापुढे लिहिलंय, बाहेरचे उल्लेख सापडले. प्रतीक्षेत.

मी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. चांगला लिहिलाय. कुठे पळवाट ठेवलेली नाही. आयुष्यभर ठेवली नाही.

रविवार —

उपाय एकच. यंत्राच्या खोलीत जायचं, जुन्या कीबोर्डवर तो रिकामा राहिलेला शब्द भरायचा आणि बांधकाम पहिल्यापासून सुरू करायचं. मग नवी सिस्टिम आपल्या फोल्डरात परत जाईल. एवढीच आज्ञा. बोटांना पाठ आहे.

यंत्राची खोली समोरच. मध्ये एक दार.

दारातून गेले की मी कशासाठी गेले ते मला कळणार नाही. तळहातावर लिहून नेलं तर चाळणी अक्षरं ओळखते. पुसेल.

पण ती अक्षरंच ओळखते. मी तिला फक्त अक्षरं शिकवली आहेत. उलट-सुलट टाके तिला वाचता येत नाहीत.

टोपी. मुठीत धरून नेईन. पलीकडे गेल्यावर टोपी दिसेल, टोपी दिसली की बाळ आठवेल, बाळ आठवलं की मुलगी, मुलगी आठवली की बाहेर —

एवढं पुरे व्हायला हवं. आई आहे मी तिची. एवढं पुरेल.

वार माहीत नाही

टोपी जवळजवळ झाली. मुद्दाम हळू विणतेय. संपली की जावं लागेल.

सकाळी मुलीचं नाव मोठ्याने म्हटलं. दुपारी म्हणायला गेले तर सुरुवातीचं अक्षर — ओठांपर्यंत आलं. मी तर दारातून गेलेच नाही. की दारं आता इकडे येतात.

खिडकीचा पडदा पांढरा झाला. आधी त्यावर काहीतरी होतं, फुलं किंवा —

बॅग रिकामी. बॅग कशाला असते खोलीत.

—

आता. नंतर नको. तिने विचारलं होतं जरा आधी येतेस का, मी हो म्हटलं होतं, हे मी लिहिलंय, हे माझंच अक्षर —

मुठीत घट्ट. लिंबाचा रंग. बाळ. बाळ, मुलगी, बाहेर. बाळ, मुलगी —

दार उघडतंय, मी बटण दाबलेलं नाही —

तारीख १

आज यंत्राच्या घड्याळात पहिली तारीख आहे. हवा छान, थंड. झोप उत्तम झाली.

वही सापडली. आधीची बरीच पानं कोरी सोडून कुणी मध्येच का लिहायला घेईल, देव जाणे. मला अशी उधळपट्टी आवडत नाही, पण वही चांगली आहे, वापरीन. मी सुरुवातीपासून इथेच आहे आणि रोजच्या कामाची नोंद असलेली बरी.

काम नीट चाललं आहे. वायरमनने दारं तपासली, एकही कुरकुरत नाही. मावशींनी वेळेवर चहा दिला. दोघंही कामापुरतं बोलतात. सिस्टिम आपल्या पायावर उभी आहे. कुणाच्या मदतीची तिला गरज नाही. यंत्राच्या खोलीत जुन्या कीबोर्डपाशी मी काही वेळ उभी होते. बोटं उगाचच हलत होती. काय टंकायचं होतं ते आठवेना, म्हणजे काही नसणारच.

पडद्यावर एकच सूचना राहिली आहे: आत एक वस्तू बाहेरची, वाचता न आलेली. शोधायला फार वेळ लागला नाही. माझ्याच मुठीत होती. बोटं आखडली होती, एकेक सोडवावं लागलं. लोकरीचं विणलेलं काहीतरी, पिवळसर. वरचं टोक बांधायचं राहिलंय, बाकी पुरं. विणणारणीचा हात चांगला आहे, टाके एकसारखे.

नियम म्हणजे नियम. उसवायला घेतली आहे. धागा सरसर येतो. एकदा उसवली की सूचना जाईल, आणि मग तात्पुरती हत्यारं पुसायची, म्हणजे काम संपलं. पुसायच्या यादीत ओळ एकच आहे: बांधणारी.

अर्धी उसवून झाली तेव्हा सहज दोन मुठी आत घालून पाहिल्या. बरोबर मावतात. टोपी असावी. पण इथे एवढ्या लहान डोक्याचं कुणी नाही. कधी नव्हतंच. मग मी ही एवढ्या जिवापाड, मूठ वळून, कुणासा